बहिःस्थ विद्यार्थ्याचा इतिहास

विद्यापीठांच्या दप्तरांत ज्या विद्यार्थ्याच्या नावापुढे 'बहिःस्थ' असा शेरा पडतो, त्याची विचारपूस शिक्षणाच्या इतिहासकारांनी फारशी केलेली नाही. महाविद्यालये कोणी स्थापन केली, प्राचार्य कोण होऊन गेले, इमारतींस देणग्या कोणी दिल्या, याच्या हकीकती आपणांस हव्या तितक्या सापडतात. पण ज्याने महाविद्यालयाची पायरी न चढता पदवी मिळविली त्याच्या वाट्यास गौरवग्रंथ येत नाही. त्याचे नावही सर्वत्र एक नाही. मुंबई-पुण्याकडे तो 'बहिःस्थ', म्हणजे बाहेर उभा असलेला. मध्य भारतातील विद्यापीठांनी त्यास 'स्वाध्यायी' म्हटले. व्यवहारात सगळीकडे तो 'प्रायव्हेट'. एकाच माणसास एका शब्दाने उंबऱ्याबाहेर ठेवले, दुसऱ्याने त्याच्या उद्योगाची नोंद घेतली आणि तिसऱ्याने त्यास जणू खाजगी बाब ठरविले. आम्हांस विचाराल तर या तिहींत इंदूर-ग्वाल्हेरकडचा शब्द अधिक न्यायाचा आहे. आज ज्यास दूरशिक्षण किंवा मुक्त शिक्षण म्हणतात त्याचा मूळपुरुष हाच विद्यार्थी होय. त्याचा माग काढीत गेले असता विद्यापीठ म्हणजे नेमके काय, स्थळ की शिक्षक की परीक्षा, हा प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो.

हा माग लंडनपासून सुरू होतो. इ. स. १८३६ मध्ये लंडन विद्यापीठास जी सनद मिळाली ती शिकविण्याची नव्हतीच. युनिव्हर्सिटी कॉलेज आणि किंग्ज कॉलेज या दोन संस्था आधीपासून शिकवीत होत्या. त्यांपैकी पहिली धर्मनिरपेक्ष, दुसरी इंग्लंडच्या अधिकृत धर्मपंथाची. दोघींचे एकमेकींशी पटणे शक्य नसल्याने त्यांच्या डोक्यावर एक परीक्षा घेणारे मंडळ बसविण्यात आले आणि त्यालाच विद्यापीठ हे नाव दिले गेले. परीक्षेस बसणाऱ्याने मान्य संस्थेत शिकल्याचा दाखला आणावा, एवढीच अट होती. पण मान्य संस्थांची यादी वर्षानुवर्षे लांबत गेली. त्यांपैकी कित्येकींचा दर्जा काय, तेथे कोण काय शिकवितो, हे पाहण्याचे कोणतेही साधन विद्यापीठापाशी नव्हते. तेव्हा हजेरीच्या दाखल्याला अर्थ उरला नाही. दाखला आणणारा विद्यार्थी खरोखर शिकला आहे की नाही हे शेवटी परीक्षेतच कळावयाचे असेल, तर दाखला मागावयाचा तरी कशासाठी, असा प्रश्न विद्यापीठाच्या नियामक सभेत निघाला. ग्रीसचा इतिहासकार म्हणून आपल्या वाचकांस परिचित असलेले जॉर्ज ग्रोट हे दाखल्याची अट काढून टाकण्याच्या बाजूस होते. महाविद्यालये अर्थातच विरुद्ध होती. अखेर १८५८ च्या नव्या सनदेने वैद्यक सोडून बाकी सर्व पदव्यांच्या परीक्षा, कोठे शिकला हे न विचारता, सर्वांस मोकळ्या झाल्या.

'सर्वांस' या शब्दातून अर्धी माणसे त्या वेळी वगळलेली होती हे विसरून चालणार नाही. स्त्रियांस लंडनच्या पदव्या खुल्या झाल्या त्या १८७८ मध्ये. १८८० मध्ये चार स्त्रिया बी. ए. झाल्या. इंग्लंडातील इतर विद्यापीठांच्या मानाने हे पाऊल पुष्कळच लौकर पडले, आणि ते जेथे हजेरीची अट आधीच गेली होती तेथे पडले. परीक्षागृहाचे दार उघडणे वर्गाचे दार उघडण्यापेक्षा सोपे असते.

आता आपल्या देशाकडे वळू. चार्ल्स वुड यांचा १८५४ चा खलिता आणि त्यानुसार १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे स्थापन झालेली विद्यापीठे यांची हकीकत शिक्षक-वाचकांस तोंडपाठ आहे. ही तिन्ही विद्यापीठे लंडनच्या धर्तीवर निघाली हेही सर्व पाठ्यपुस्तकांत आढळते. परंतु लंडनच्या कोणत्या धर्तीवर, हे पाठ्यपुस्तके सांगत नाहीत. आपण जो नमुना उचलला तो १८३६ चा. मान्य महाविद्यालयाचा दाखला आणल्यावाचून, सिनेटचा खास हुकूम असल्याखेरीज, कोणासही पदवीपरीक्षेस बसता येणार नाही असे १८५७ च्या कायद्यांत लिहिले गेले. आणि पुढल्याच वर्षी मूळ विद्यापीठाने हीच अट निरुपयोगी म्हणून टाकून दिली. नक्कल करणाऱ्याने नक्कल पुरी केली तोच मूळ मालकाने वस्त्र बदलावे, तसे हे झाले. यात राज्यकर्त्यांचा कावा होता असे म्हणण्यास आम्हांस आधार दिसत नाही. येथे महाविद्यालये मूठभर होती. ती वाढावीत, सरकारी अनुदानाच्या आधाराने उभी राहावीत, हाच खलित्याचा हेतू होता, आणि दाखल्याची अट काढली असती तर महाविद्यालयांचा आधारच गेला असता. पण परिणाम असा झाला की ज्या देशात महाविद्यालये सर्वांत विरळ होती त्याच देशात महाविद्यालयाची सक्ती सर्वांत कडक राहिली. एल्फिन्स्टन अथवा डेक्कन कॉलेजापर्यंत ज्याला जाता येईल तो पदवीधर होई. खानदेशातल्या वा कोकणातल्या शाळामास्तरास ती वाट बंद होती.

लंडनची परीक्षा मात्र जगभर हिंडू लागली. १८६५ मध्ये मॉरिशस बेटावर ती घेण्यात आली. सीलबंद प्रश्नपत्रिका जहाजाने जात आणि उत्तरपत्रिका जहाजानेच परत येत. पुढे वसाहतींतील किती शिक्षक व कारकून या मार्गाने पदवीधर झाले याची गणती नाही. बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेस गेलेल्या मोहनदास गांधींनीही लंडनची मॅट्रिक्युलेशन परीक्षा एका खाजगी वर्गात तयारी करून दिली. पहिल्या खेपेस लॅटिनमध्ये नापास होऊन ते १८९० मध्ये दुसऱ्या खेपेस उत्तीर्ण झाले. आत्मकथेतील तो भाग आमच्या शाळांत वाचला जातो तेव्हा शिक्षकांनी मुलांस हेही सांगावे की ते यश एका बहिःस्थ विद्यार्थ्याचे होते.

परीक्षा विद्यापीठ घेणार, पण शिकविणार कोण? येथे टपालाचा संबंध येतो. रोलंड हिल यांच्या खटपटीने १८४० मध्ये ब्रिटनमध्ये एका पेनीत देशभर पत्र जाऊ लागले, आणि त्याच साली आयझॅक पिटमन यांनी आपली लघुलिपी टपालाने शिकविण्यास प्रारंभ केला. विद्यार्थी लघुलिपीत उतारा लिहून पाठवी, पिटमन तो तपासून परत करीत. पाठ, उत्तर, दुरुस्ती आणि परतीचा लखोटा हे दूरशिक्षणाचे चारही पाय येथे दिसून येतात. त्यापुढच्या पावणेदोनशे वर्षांत साधने बदलली, पण हा चौरंग तोच राहिला. विद्यापीठीय परीक्षांसाठी हा धंदा मोठ्या प्रमाणावर उभा केला तो विल्यम ब्रिग्ज यांनी, १८८७ मध्ये, केंब्रिज येथे. त्यांच्या संस्थेचे नाव युनिव्हर्सिटी करस्पॉन्डन्स कॉलेज. ते केंब्रिजमध्ये होते पण केंब्रिज विद्यापीठाचे नव्हते, आणि तेथे तयारी होई ती लंडनच्या परीक्षांची. कादंबरीकार एच. जी. वेल्स हे या संस्थेत जीवशास्त्र शिकवीत. त्यांनी स्वतः बी. एस्सी. ही पदवी १८९० मध्ये लंडनची बहिःस्थ परीक्षा देऊनच घेतली होती, आणि त्यांचे आरंभीचे पुस्तक 'काळयंत्र' नव्हे तर या संस्थेच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले, १८९३ साली प्रसिद्ध झालेले जीवशास्त्राचे पाठ्यपुस्तक हे होय. गरजू लेखकास गाइडे लिहावी लागतात ही गोष्ट केवळ आपल्याच काळाची नाही, हे वाचून आमच्या काही मित्रांस समाधान वाटेल.

अशा संस्था नफ्यासाठी चालत, उत्तीर्णांच्या याद्या जाहिरातींत छापीत आणि परीक्षेत काय विचारतात तेवढेच शिकवीत. त्यांच्याविरुद्ध घोकंपट्टीचा आरोप होई व तो खोटा नव्हता. पण त्या आरोपातील मुख्य दोषी कोण हे नीट पाहिले पाहिजे. ज्या विद्यापीठाने परीक्षा मोकळी केली पण शिकविण्याची जबाबदारी घेतली नाही, त्याने मधली जागा रिकामी सोडली; ती बाजाराने भरली. ही जागा विद्यापीठानेच भरली पाहिजे हा विचार अमेरिकेत प्रथम ठामपणे अमलात आला. विल्यम रेनी हार्पर यांनी तरुणपणी हिब्रू भाषा टपालाने शिकविली होती. ते शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष झाले आणि १८९२ मध्ये ते विद्यापीठ सुरू झाले तेव्हा पत्रद्वारा शिक्षण हा त्याचा एक नियमित विभाग होता. हे काम उरल्यासुरल्या प्राध्यापकांचे नसून विद्यापीठाचे आहे, असे त्यात गृहीत धरलेले होते. लंडनकडे मात्र १८९८ च्या कायद्यानंतर 'अंतर्गत' आणि 'बहिःस्थ' असे विद्यार्थ्यांचे दोन वर्ग रीतसर पडले, आणि आपल्या 'बहिःस्थ' शब्दाचा इंग्रजी पूर्वज कायद्याच्या भाषेत रूढ झाला.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मजल आपण झपाट्याने ओलांडू. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड विद्यापीठाने १९११ पासूनच दूरच्या वसाहतींतील विद्यार्थ्यांस टपालाने शिकविण्यास आरंभ केला. सोव्हिएट रशियात कामगारांसाठी पत्रद्वारा उच्च शिक्षणाची प्रचंड योजना उभी राहिली. दक्षिण आफ्रिका विद्यापीठाने १९४६ पासून बहिःस्थांस केवळ परीक्षा न देता शिक्षणही देण्याचे ठरविले. याच विद्यापीठाची कायद्याची पदवी नेल्सन मंडेला यांस १९८९ मध्ये, तुरुंगात असतानाच मिळाली. त्यापूर्वी रॉबेन बेटावर ते लंडनच्या कायदेपरीक्षेचा अभ्यास करीत होते, आणि अभ्यासाची सवलत काढून घेणे हा तेथे शिक्षेचा एक प्रकार होता. वर्णद्वेषी सत्तेच्या कैद्यास त्याच देशातील विद्यापीठाने पदवी द्यावी, हे कोणत्याही वर्गखोलीत घडू शकले नसते.

हिंदुस्थानात दाखल्याची भिंत पाडली गेली नाही, पण तिला खिडक्या पडल्या. १९२७ मध्ये स्थापन झालेले आग्रा विद्यापीठ हे त्या खिडक्यांपैकी मोठी. इंदूरचे होळकर महाविद्यालय आणि ग्वाल्हेरचे व्हिक्टोरिया महाविद्यालय ही दोन्ही आग्र्यास जोडलेली होती, आणि शिक्षक व स्त्रिया यांस खाजगी रीत्या परीक्षेस बसण्याची मुभा आग्रा विद्यापीठाने दिलेली होती. मध्य भारतातील मराठी कुटुंबांत या मुभेचे मोल फार होते. दिवसा शाळेत शिकवावे, संध्याकाळी शिकवण्या कराव्यात, रात्री कंदिलाच्या उजेडात एम. ए. चे पुस्तक उघडावे, असे कितीतरी शिक्षक तेथे होऊन गेले. लग्नानंतर सासरी राहून पदव्या घेतलेल्या स्त्रियांचीही संख्या लहान नव्हती. अशा घरांतील वडीलधाऱ्यांच्या तोंडून आम्ही लहानपणी 'आग्र्याची परीक्षा' हे शब्द ऐकले आहेत, आणि ते ऐकताना शिवाजी महाराजांच्या आग्र्याचीच आठवण होई. पेटाऱ्यातून सुटून येणे आणि तृतीय श्रेणीतून सुटून येणे यांत त्या बालवयात आम्हांस फारसा भेद वाटत नव्हता. पुढे विक्रम विद्यापीठ १९५७ मध्ये, आणि इंदूर व जिवाजी ही विद्यापीठे १९६४ मध्ये निघाली.

मात्र या सर्व व्यवस्थेत विद्यापीठ स्वाध्यायी विद्यार्थ्यास काहीच देत नव्हते. तो शुल्क भरी, अभ्यासक्रमाची पुस्तिका विकत घेई आणि नशीब अजमावी. ही स्थिती बदलण्याचा पहिला भारतीय प्रयत्न म्हणजे दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये सुरू केलेला पत्रद्वारा अभ्यासक्रम. डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याची आखणी केली. १९६२ ते १९६७ या काळात त्या विद्यापीठाचे कुलगुरू चिंतामणराव देशमुख होते, म्हणजे पत्रद्वारा शिक्षणाचे हे भारतीय बालपण एका मराठी अर्थशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली गेले. छापील पाठ घरी पाठवावयाचे, विद्यार्थ्याने उत्तरे लिहून धाडावयाची, ती तपासून परत करावयाची, आणि सुटीत काही दिवस समक्ष व्याख्यानांसाठी एकत्र जमावयाचे, अशी ही योजना होती. पिटमनच्या चौरंगास येथे प्रत्यक्ष भेटीचा पाट जोडला गेला.

त्यानंतर १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या शिक्षण आयोगाने या कल्पनेस राष्ट्रीय धोरणाचे रूप दिले. अध्यक्ष तेच डॉ. कोठारी, सदस्य-सचिव कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे जे. पी. नाईक. आयोगाचा प्रचंड अहवाल प्रामुख्याने नाईकांच्या परिश्रमांतून उभा राहिला हे सर्वमान्य आहे. १९८६ पर्यंत उच्च शिक्षण घेणाऱ्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश विद्यार्थी पत्रद्वारा आणि सायंकालीन अभ्यासक्रमांतून शिकावेत, अशी अपेक्षा त्या अहवालात आहे. हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. त्याकडे आपणांस पुन्हा यावयाचे आहे.

पत्रद्वारा अभ्यासक्रम मग झपाट्याने पसरले. पतियाळाचे पंजाबी विद्यापीठ १९६८, म्हैसूर १९६९, मुंबई १९७१. पण संख्येच्या वाढीबरोबर एक जुने दुखणे वाढले. पाठ एकदा छापले की वर्षानुवर्षे तेच. तपासून परत यावयाच्या उत्तरपत्रिका परीक्षा उलटल्यावर यावयाच्या. आमच्या परिचयातील एका शिक्षिकेस तिच्या पहिल्या पाठाचे तपासलेले उत्तर मिळाले तेव्हा ती बी. ए. होऊन तीन महिने झाले होते. 'अधिक अभ्यासाची गरज आहे' असा शेरा त्यावर होता. त्या विद्यापीठाचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण ते कोणतेही असू शकले असते. मूळ दोष व्यवस्थेचा होता. पत्रद्वारा विभाग ही अनेक विद्यापीठांची दुभती गाय झाली. तिच्या दुधावर इतर विभाग पोसले गेले आणि चारा घालण्याची आठवण कोणास राहिली नाही. बहिःस्थ विद्यार्थी शुल्कापुरता आतला आणि बाकी सर्व बाबतींत बाहेरचाच राहिला.

नेमक्या याच वेळी इंग्लंडात वेगळा विचार चालू होता. हॅरॉल्ड विल्सन यांनी सप्टेंबर १९६३ मध्ये ग्लासगो येथे केलेल्या भाषणात नभोवाणी व दूरचित्रवाणी यांच्या साहाय्याने चालणाऱ्या विद्यापीठाची कल्पना मांडली. त्याच्या आधीच्या वर्षी समाजशास्त्रज्ञ मायकेल यंग यांनीही तशाच प्रकारची सूचना केली होती. कल्पना विल्सन यांची असली तरी ती तडीस नेली जेनी ली यांनी. स्कॉटलंडातील खाणकामगाराची ही कन्या, अनायरिन बेव्हन यांची विधवा पत्नी, १९६४ नंतरच्या मजूर मंत्रिमंडळात कनिष्ठ दर्जाची मंत्री होती. कामगारांसाठी काही कमी प्रतीची, सोयीची व्यवस्था करावी, असे सुचविणारे हितचिंतक तिला पुष्कळ भेटले. तिने ते ऐकले नाही. पदवी द्यावयाची तर इतर कोणत्याही विद्यापीठाच्या तोलाची, नाहीपेक्षा नको, असा तिचा हट्ट होता. आमच्या मते मुक्त विद्यापीठाच्या इतिहासातील सर्वांत मोलाची गोष्ट कोणती असेल तर ती दूरचित्रवाणी नव्हे. हा हट्ट होय.

मुक्त विद्यापीठास १९६९ मध्ये राजसनद मिळाली आणि जानेवारी १९७१ मध्ये सुमारे चोवीस हजार विद्यार्थ्यांनिशी अध्यापन सुरू झाले. पूर्वीच्या कोणत्याही परीक्षेच्या उत्तीर्णतेची अट नव्हती. जो आधी येईल त्यास आधी प्रवेश. पहिले कुलगुरू वॉल्टर पेरी हे एडिंबरोचे औषधिशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या काळी जी घडी बसली तिचे वर्णन थोडे विस्ताराने केले पाहिजे, कारण पुढे जगभर तिचेच अनुकरण झाले. एकटा प्राध्यापक पाठ लिहीत नसे. विषयाचे तज्ज्ञ, अध्यापनपद्धतीचे जाणकार, संपादक आणि बी. बी. सी. चे निर्माते यांचे मंडळ मिळून एक अभ्यासक्रम रचीत, एकमेकांचे खर्डे निर्दयपणे खोडीत, आणि मगच ते छापखान्यात जात. ज्याला वर्गात हात वर करून शंका विचारता येणार नाही त्याच्या शंका आधीच ओळखून पाठात उत्तरे पेरावयाची, हे त्यातले मर्म. विज्ञानाच्या विद्यार्थ्यास प्रयोगसाहित्याची पेटी घरपोच जाई, तिच्यात लहानसे सूक्ष्मदर्शक यंत्रही असे. प्रत्येक विद्यार्थ्यास गावाजवळचा एक मार्गदर्शक नेमून दिलेला, तो स्वाध्याय तपासून सविस्तर शेरे लिही. उन्हाळ्यात आठवडाभर निवासी वर्ग भरत. दूरचित्रवाणीचा भाग, जाहिरात एवढी होऊनही, थोडाच होता. म्हणूनच विल्सन यांनी वापरलेले 'आकाशमार्गे विद्यापीठ' अशा अर्थाचे नाव मागे पडून 'मुक्त' हे नाव राहिले. पहाटे भलत्या वेळी दाखविले जाणारे ते कार्यक्रम २००६ अखेर बंद झाले. विद्यापीठ चालूच आहे.

भारतात मुक्त विद्यापीठाची चर्चा १९७० पासून सुरू होती. जी. पार्थसारथी यांच्या अध्यक्षतेखाली १९७४ मध्ये एक कार्यगट नेमला गेला, त्याने अनुकूल मत दिले, आणि केंद्र सरकारने तो कागद बांधून ठेवला. मग जे दिल्लीस जमले नाही ते हैदराबादने केले. आंध्र प्रदेश मुक्त विद्यापीठाची स्थापना ऑगस्ट १९८२ मध्ये झाली आणि तिचे पहिले कुलगुरू उस्मानिया विद्यापीठाचे माजी कुलगुरू जी. राम रेड्डी हे झाले. हैदराबादच्या मराठी मंडळींस उस्मानियाचा इतिहास सांगावयास नको: तेथे १९१८ पासून पोलीस कारवाईपर्यंत उर्दू हेच उच्च शिक्षणाचे माध्यम होते, आणि देशी भाषेतून विद्यापीठ चालविता येते याचा तो पहिला मोठा प्रयोग होता, तसाच तो आपल्या मातृभाषेवर दुसऱ्या भाषेचे दडपण कसे असते याचाही धडा होता. त्या शहरातून निघालेल्या नव्या विद्यापीठाने तेलुगू माध्यम स्वीकारले. ज्याने शाळेची कोणतीच परीक्षा दिलेली नाही त्यासही पात्रता-चाचणी देऊन पदवीच्या वर्गात येण्याची वाट त्याने काढली. इतर महाविद्यालयांच्याच इमारतींत सुटीच्या दिवशी अभ्यासकेंद्रे भरू लागली. १९९१ मध्ये या विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्यात आले.

अशा प्रसंगी वक्ते एकलव्याची उपमा हमखास देतात. ती आम्हांस खटकते. एकलव्य दूर राहून शिकला तो स्वेच्छेने नव्हे, आचार्यांनी नाकारल्यामुळे. आणि त्याच्या अभ्यासक्रमाचे शुल्क किती भारी होते ते सर्वांस माहीत आहे. आंबेडकरांच्या नावाच्या विद्यापीठात तरी ही उपमा जपून वापरावी.

हैदराबादचा प्रयोग यशस्वी होताच केंद्राने १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा कायदा केला आणि राम रेड्डी यांनाच त्याचे पहिले कुलगुरू म्हणून नेले. १९८७ मध्ये तेथे पहिले दोन अभ्यासक्रम चालू झाले तेव्हा विद्यार्थी ४,५२८ होते. महाराष्ट्रात यशवंतराव चव्हाणांच्या नावाचे मुक्त विद्यापीठ जुलै १९८९ मध्ये नाशिक येथे स्थापन झाले. पुणे विद्यापीठाचे कुलगुरूपद भूषविलेले डॉ. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे बोधवाक्य, आणि गंगापूर धरणाजवळचा त्याचा परिसर 'ज्ञानगंगोत्री'. मराठीच्या दृष्टीने या विद्यापीठाचे एक कार्य नजरेआड होते. शास्त्र, वाणिज्य, शेती, शिक्षणशास्त्र अशा विषयांवरील पुस्तके घरी बसून, शिक्षकावाचून समजतील अशा मराठीत लिहवून घेणे त्यास भाग पडले. विद्यापीठीय मराठीची चर्चा आपण परिसंवादांतून उदंड केली. ती छापून लाखो घरांत पोचविण्याचे काम या पुस्तकांनी केले. त्यांतील मराठी सर्वत्र रसाळ आहे असे मुळीच नाही, काही पाने तर इंग्रजीची सावली वाटतात. तरी देखील उद्यानविद्येचा पदविकाधारक शेतकरी ज्या भाषेत खताचे प्रमाण वाचतो ती विद्यापीठाची भाषा झाली, हे लहान काम नव्हे.

शेजारच्या राज्यांत भोपाळचे भोज मुक्त विद्यापीठ १९९१, अहमदाबादचे बाबासाहेब आंबेडकर मुक्त विद्यापीठ १९९४ आणि म्हैसूरचे कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठ १९९६, अशी मालिका पुरी झाली. आता कोठारी-नाईकांच्या आकड्याकडे परत येऊ. केंद्र सरकारच्या २०२०-२१ च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार देशात सुमारे ४ कोटी १४ लाख विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते. त्यांपैकी दूरशिक्षणाचे ४५ लाख ७१ हजार. म्हणजे दर शंभरी अकरा. त्यांत स्त्रिया सुमारे २० लाख ९० हजार. १९८६ पर्यंत तिसरा हिस्सा व्हावयाचा तो त्यानंतर चौतीस वर्षांनीही नवव्या हिश्शापर्यंतच आला. याचे एक कारण उघड आहे: दरम्यानच्या काळात खाजगी महाविद्यालये इतकी निघाली की घराजवळ वर्ग मिळू लागला. दुसरे कारण अविश्वासाचे. नोकरीच्या मुलाखतीत 'नियमित की बहिःस्थ' हा प्रश्न आजही विचारला जातो. दोन्ही पदव्या समतुल्य मानाव्यात असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये पुन्हा एकवार जाहीर केले. जे खरोखर समतुल्य मानले जाते त्याची अशी पुन्हा पुन्हा घोषणा करावी लागत नाही.

अविश्वासास काही विद्यापीठांनीच खतपाणी घातले हेही सांगितले पाहिजे. राज्याबाहेर, खाजगी भागीदारांच्या हाती केंद्रे सोपवून पदव्यांचा व्यापार सुरू झाला. २०१३ मध्ये दूरशिक्षणाचे नियमन विद्यापीठ अनुदान आयोगाकडे आले आणि प्रत्येक राज्य विद्यापीठाने आपल्या हद्दीतच राहावे हा दंडक कडकपणे लागू झाला. कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठाची मान्यता २०१५ मध्ये काढली गेली व २०१८ मध्ये परत मिळाली. त्या मधल्या काळात अनेक निरपराध विद्यार्थ्यांच्या पदव्या टांगणीला लागल्या.

हद्दीचा हा दंडक व्यापाऱ्यांसाठी योग्यच होता. पण आमच्यासारख्या, राज्याच्या रेषेपलीकडे पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या मराठी समाजांवर त्याचा वेगळाच भार पडला. हैदराबादच्या मुक्त विद्यापीठाची माध्यमे तेलुगू, इंग्रजी व उर्दू. भोपाळचे हिंदी, अहमदाबादचे गुजराती, म्हैसूरचे कन्नड. मराठी माध्यमाचे मुक्त विद्यापीठ एकच, आणि त्यास नाशिकहून इंदुरास, वडोदऱ्यास अथवा बेळगावास अभ्यासकेंद्र उघडता येत नाही. ज्या शिक्षणपद्धतीचा जन्मच अंतर नाहीसे करण्यासाठी झाला तिला येथे जकातनाका आडवा आला. आयोगाच्या २०२० च्या नियमांत संगणकाच्या जाळ्यावरून चालणाऱ्या ऑनलाइन अभ्यासक्रमांस मात्र हद्दीचे बंधन नाही. म्हणजे तोच पाठ छापून, केंद्र उघडून शिकविला तर सीमा ओलांडता येत नाही. पडद्यावर दाखविला तर येते. आमच्या साहित्यसंस्थांनी आपापल्या शहरांतील मराठी तरुणांसाठी या दुसऱ्या वाटेची चौकशी करावी, आणि मराठीतून कोणते अभ्यासक्रम तीवर येऊ शकतील याविषयी नाशिकशी पत्रव्यवहार करावा, हे आम्हांस तातडीचे काम वाटते.

बेळगावच्या एका प्राथमिक शिक्षिकेस आम्ही गेल्या वर्षी भेटलो. मराठी विषय घेऊन तिला पदवी पुरी करावयाची होती. तिने सीमेपलीकडच्या चंदगड भागातील एका नातलगाच्या गावाजवळचे केंद्र गाठले आहे. संपर्कवर्गाच्या रविवारी ती पहाटेच्या गाडीने जाते, दुपारी दोन तास मराठी कवितेचे व्याख्यान ऐकते आणि दिवेलागणीस परत येते. तिच्या पिशवीत नाशिकचे पुस्तक होते, आणि समासात कन्नडमध्ये लिहिलेली टिपणे होती; कारण शाळेत तिने भराभर लिहिण्याची सवय कन्नडमधून केली होती. तिसरे वर्ष येत्या उन्हाळ्यात पुरे होईल असे ती म्हणाली.